स्वस्ताईच्या शोधात घर कुठवर न्यायचं?

मुंबईत परवडेना म्हणून ठाणं, ठाण्यात परवडेना म्हणून डोंबिवली, तिथेही हात आखडला तेव्हा कल्याण आणि आता कल्याणही आवाक्याबाहेर चाललं म्हणून बदलापूर, वांगणी, नेरळ. मराठी मध्यमवर्गाची तीन-चार पिढ्यांची वाटचाल मध्य रेल्वेच्या स्टेशनांच्या यादीतच वाचता येते. अलीकडे या यादीच्या पुढे काही परदेशी नावं जोडली जाऊ लागली आहेत. दुबई, टोरांटो, म्युनिक ही जुनी. बँकॉक, क्वालालंपूर, लिस्बन ही नवी. ‘तिथे म्हणे कल्याणच्या हप्त्यात अख्खा संसार चालतो,’ हे वाक्य कल्याणमधल्या खडकपाड्याच्या सोसायटीत आणि डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या गप्पांत सारखंच ऐकू येतं.

घराचा हप्ता, दोन मुलांची फी, आईवडिलांची औषधं आणि रोजची लोकल यांत पिळून निघालेल्या कुटुंबाला हा विचार सुचला तर त्यात हसण्यासारखं काही नाही. मात्र त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. एक, खर्च कमी कसा करायचा? दुसरा, मिळकत कशी वाढवायची? दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या गावांत आहेत, आणि गोंधळ होतो तो एकाचं उत्तर दुसऱ्याच्या गावात शोधल्यामुळे.

आधीच एकदा केलेला व्यवहार

स्वस्ताईसाठी घर हलवणं कल्याणकरांना नवं नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि वर्षभरात, १ मे १८५४ रोजी, रूळ कल्याणला पोहोचले. पुढे इथून एक फाटा कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे गेला. या दोन फाट्यांनीच मुंबईच्या पगारदाराला मुंबईबाहेर राहायची सोय करून दिली. गिरगाव-दादरच्या चाळीत दोन खोल्यांत वाढलेलं कुटुंब डोंबिवलीला आलं ते स्वतंत्र संडास आणि स्वयंपाकघरासाठी. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांची घडी विस्कटली आणि लालबाग-परळचे अनेक संसार याच मार्गावर पुढे सरकले. १९८२ आणि १९८३ या लागोपाठच्या दोन वर्षांत ठाणे आणि कल्याण महानगरपालिका स्थापन झाल्या.

जनगणनेत हे स्थलांतर स्पष्ट दिसतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली. त्याच काळात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला आणि देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या घरात पोहोचली. माणसं कुठे गेली आणि का गेली, हे वेगळं सांगायला नको.

या स्वस्ताईची किंमत मात्र घराच्या करारनाम्यावर कधी लिहिली गेली नाही. सीएसएमटी ते कल्याण अंतर ५४ किलोमीटरच्या आसपास. फास्ट लोकलला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. घर ते स्टेशन रिक्षा, तिकडे उतरून बस किंवा मेट्रो धरली तर एका बाजूचे दोन तास. दिवसाचे चार, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर शंभर तास. आठ तासांचा एक कामाचा दिवस मानला तर महिन्याला बाराहून अधिक दिवस निव्वळ प्रवासात जातात, आणि त्यांचा पगार कोणी देत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या गाड्यांच्या दारातून प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. कल्याण मार्गाची स्वस्ताई कशातून फेडली जाते, याचा तो सर्वांत कठोर हिशोब होता.

मग बदलापूरला किंवा बँकॉकला जाताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: या वेळची किंमत कशात मोजावी लागणार?

दोन स्टेशनं पुढे, की थेट गावी?

परदेशाआधी जवळचे पर्याय पाहू, कारण खऱ्या अर्थाने खर्च कमी होण्याची शक्यता तिथेच आहे.

बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ किंवा टिटवाळा, आसनगाव या पट्ट्यात कल्याणच्या एका बीएचकेच्या पैशात दोन बीएचके मिळतो. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती, ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. पण घर बदलण्याचाच खर्च मोठा असतो. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, नवं फर्निचर हे सगळं धरलं तर घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या जवळ रक्कम जाते आणि हप्त्यातल्या बचतीतून ती भरून निघायला काही वर्षं लागतात. त्यात उल्हास नदी आहेच. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं, ती हीच नदी. स्वस्त सदनिकेची जाहिरात पाहताना पूररेषा विचारणारे फार थोडे.

कागदपत्रांची दुसरी खबरदारी कल्याण-डोंबिवलीकरांना महागात शिकावी लागली. महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश दिले. आत राहणाऱ्यांनी कर्ज काढून, शुल्क भरून घरं घेतली होती. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त घर मिळत असेल तर त्या फरकात काय दडलं आहे हे महापालिकेत जाऊन परवानगीच्या मूळ नोंदीवरून तपासलंच पाहिजे. महारेराचा क्रमांक एकटा पुरेसा नाही.

नाशिकचा पर्याय वेगळा आहे. १९७५ पासून धावणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकला राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या पासधारकांची एक जमातच तयार केली. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि भिवंडी तालुक्यातून नाशिक आणखी जवळ आलं. जवळ आलं म्हणजे जमिनीचे भावही वर जाणार, हे ओघानेच आलं. आठवड्यातून दोन-तीनदाच ऑफिसला जावं लागणाऱ्यांना नाशिक आजही परवडतं. रोज जाणाऱ्याची मात्र दमछाक होते.

आणि गाव? टाळेबंदीच्या काळात कोकणात, साताऱ्यात, जळगावकडे परतलेल्या अनेकांनी लॅपटॉपवर काम करून पाहिलं. घरचं धान्य, भाडं नाही, खर्च निम्म्यावर. कंपन्यांनी ऑफिसला परत बोलावलं तेव्हा बहुतेकांना यावं लागलं. गावात खर्च कमी असतो तशी रोख मिळकतही कमी असते, हृदयविकाराचा झटका आला तर मोठं रुग्णालय दूर असतं आणि मुलांना अकरावीनंतर शहर गाठावंच लागतं. निवृत्तांसाठी आणि ज्यांचं काम खरोखर कुठूनही होतं त्यांच्यासाठी गाव हा उत्तम पर्याय आहे. बाकीच्यांनी आधी वर्षभर राहून पाहावं, घर विकून जाऊ नये.

रुपया घेऊन परदेशी

आता मूळ प्रश्न. परदेशात राहणं खरोखर स्वस्त पडतं का?

याचं उत्तर पैसा कोणत्या चलनात येतो यावर आहे. बाजारात एका डॉलरला ऐंशीच्या वर रुपये मोजावे लागतात. पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढ्या वस्तू आणि सेवा मिळतात तेवढ्या भारतात वीस-बावीस रुपयांत मिळतात, असं जागतिक बँकेची क्रयशक्तीची मोजणी सांगते. रिक्षा, घरकाम, भाजी, शिकवणी, दाढी-कटिंग, डॉक्टरची फी यांत हा फरक आपण रोज उपभोगतो. तो आपल्याला जाणवत नाही इतकंच. म्हणजे जगातल्या स्वस्त देशांपैकी एकात आपण आधीच राहतो आहोत. रुपयात कमावणाऱ्याला याहून स्वस्त जागा नकाशावर फारशा उरत नाहीत.

परदेशी माणसं स्वस्ताईसाठी देश बदलतात ती या उलट दिशेने. अमेरिकन निवृत्त मेक्सिकोत जातो, ब्रिटिश स्पेनमध्ये, जपानी मलेशियात. त्यांची मिळकत महाग चलनात आणि खर्च स्वस्त चलनात असतो. तिथल्या स्थानिकांना याची झळ बसते. लिस्बनमध्ये घरभाडी इतकी वाढली की पोर्तुगाल सरकारने २०२३ मध्ये घरखरेदीवर मिळणारा गोल्डन व्हिसा बंद केला. जुलै २०२५ मध्ये मेक्सिको सिटीत भाडेवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. बँकॉक-लिस्बन स्वस्त असल्याचे जे व्हिडिओ आपण पाहतो, ते बहुतेक याच डॉलर-पौंडवाल्यांनी केलेले असतात. त्यांचं गणित आपल्या पगाराला लावलं की फसतं.

आखात: संसार इथे, मिळकत तिथे

महाग चलन कमवायचं आणि स्वस्त चलनात खर्चायचं, हा खेळ मराठी माणसाला ठाऊक नाही असं नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि रत्नागिरी, महाड, श्रीवर्धन, भिवंडी, मुंब्र्याकडच्या अनेक घरांतले कर्ते पुरुष कुवेत, सौदी, बहरीन, दुबईला गेले. बहुतेक एकटेच गेले. त्यामागे एक रोकडं गणित होतं, ते आजही बदललेलं नाही.

नमुन्यादाखल एक हिशोब मांडू. आकडे मानलेले आहेत, वाचकाने स्वतःचे घालावेत. समजा, खडकपाड्यात राहणारं चौघांचं कुटुंब आहे. नवराबायको दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख १० हजार, त्यातले ४५ हजार बायकोचे. घराचा हप्ता ३८ हजार, मेंटेनन्स साडेतीन, मुलांची फी ९, किराणा-भाजी-दूध-गॅस २०, पास आणि रिक्षा ५, वीज आणि फोन ४, आईवडिलांची औषधं ६, विम्याचे हप्ते साडेसहा हजार. एकूण ९२ हजार. महिन्याला १८ हजार उरतात.

आता नवऱ्याला दुबईत १२ हजार दिरहमची नोकरी मिळाली. दिरहम डॉलरला बांधलेला आहे. सुमारे २४ रुपये धरले तर २ लाख ८८ हजार. त्यावर आयकर नाही. आकडा ऐकूनच बॅग भरावीशी वाटते. कुटुंबासह गेले तर एका बेडरूमचं भाडं ५ हजार दिरहम, तेही अनेकदा वर्षाच्या मोजक्या चेकांत आगाऊ. दोन मुलांची भारतीय शाळा आणि बस २,४००, किराणा २ हजार, वीज-एसी-इंटरनेट ९००, प्रवास ७००, वर्षातून एकदा घरी येण्याची तिकिटं महिन्यावर वाटली तर ६००. एकूण ११,६००. उरले ४०० दिरहम, म्हणजे साडेनऊ हजार रुपये. बायकोची नोकरी सुटलेली. कल्याणच्या घराचा हप्ता, मेंटेनन्स, आईवडिलांची औषधं आणि विमा मिळून ५४ हजार चालूच. घर भाड्याने देऊन १८ हजार आले, तरी महिन्याला २६ हजारांची तूट.

तोच माणूस एकटा गेला, शेअरिंगमध्ये राहिला आणि ४ हजार दिरहमांत भागवलं, तर ८ हजार दिरहम, म्हणजे १ लाख ९२ हजार रुपये घरी येतात. बायकोचा पगार चालू, मुलांची शाळा तीच. इथला सगळा खर्च जाऊन जवळपास दीड लाख शिल्लक. आखातात मराठी संसार दोन गावांत विभागला गेला तो प्रेम कमी पडलं म्हणून नव्हे. कुटुंब सोबत नेलं की सगळी कमाई तिथेच संपते म्हणून.

अमिरातीत कुटुंबाचा व्हिसा काढायला किमान ४ हजार दिरहम पगार, किंवा ३ हजार आणि राहण्याची सोय, एवढी अट आहे. अट पुरी होते म्हणजे पगार पुरतो, असा अनेकांचा समज होतो. शिवाय तिथला मुक्काम नोकरीला जोडलेला असतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केलं तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. आयुष्याची पुंजी तिथेच सोडून आलेले लोक कोकणात आजही भेटतात. एकट्याने काही वर्षं, ठरलेल्या उद्दिष्टासाठी, हा आखाताचा शहाणा वापर आहे. जाताना परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंद असलेल्या एजंटामार्फतच जावं. त्याला घेता येणारं सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच आहे. त्याहून जास्त मागणाऱ्यापासून दूर राहिलेलं बरं.

पश्चिमेकडे: पगार मोठा, कापणीही मोठी

युरोप-अमेरिकेचं गणित वेगळं चालतं. जर्मनीत पगारातून कर आणि सामाजिक विम्यासाठी तीसेक टक्के किंवा त्याहून अधिक कापलं जातं. त्या बदल्यात सरकारी शाळेला फी नाही, न कमावणारा जोडीदार आणि मुलं सरकारी आरोग्य विम्यात वेगळा हप्ता न भरता बसतात आणि २०२५ मध्ये प्रत्येक मुलामागे महिन्याला २५५ युरो बालभत्ता मिळत होता. मुलांची फी आणि रुग्णालयाची भीती हे कल्याणच्या कुटुंबाचे दोन मोठे खर्च तिथे जवळपास नाहीसे होतात. म्युनिकचं घरभाडं त्यातलं बरंच परत घेतं, आणि भाषा येईपर्यंत जोडीदाराला आपल्या शिक्षणाची नोकरी मिळत नाही.

ब्रिटनमध्ये आत शिरण्यालाच मोल आहे. फेब्रुवारी २०२४ पासून व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो, प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६. चौघांच्या कुटुंबाला तीन वर्षांचे १०,८६६ पौंड होतात, म्हणजे १२ लाख रुपयांच्या वर, आणि ते बहुधा निघण्याआधीच भरायचे. कॅनडाने विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम २०२४ मध्ये १० हजार कॅनेडियन डॉलरवरून २०,६३५ वर नेली, कारण आधीच्या रकमेत तिथे राहणं अशक्य झालं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं. चारआण्याची कोंबडी आणि बाराआण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

यातून एकच निष्कर्ष निघतो. पश्चिमेकडे जावं ते शिक्षण, कौशल्य, मुलांना मिळणाऱ्या संधी आणि दीर्घकाळच्या मिळकतीसाठी. पहिली दोन-तीन वर्षं खर्च वाढणार हे गृहीत धरूनच जावं. ‘स्वस्त पडेल’ या आशेने गेलेल्याची पहिल्याच हिवाळ्यात निराशा होते.

पेन्शनीत परदेश

राहता राहिले खरोखर स्वस्त मानले जाणारे देश. थायलंडमध्ये पन्नाशी उलटलेल्याला निवृत्तीचा व्हिसा मिळतो. त्यासाठी तिथल्या बँकेत ८ लाख बात, म्हणजे वीस-बावीस लाख रुपये, ठेवावे लागतात किंवा महिन्याला ६५ हजार बात मिळकत दाखवावी लागते. परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही. मलेशियाच्या ‘सेकंड होम’ योजनेत २०२४ च्या नव्या नियमांनुसार मुख्य गटांपैकी सर्वांत खालच्यालाही दीड लाख डॉलरची ठेव आणि घरखरेदी सक्तीची आहे. पोर्तुगालला पगाराव्यतिरिक्तची नियमित मिळकत हवी, २०२५ मध्ये एका माणसाला महिन्याला किमान ८७० युरो, कुटुंबाला त्याहून जास्त. नेपाळमध्ये १९५० च्या करारामुळे भारतीयाला व्हिसाविना राहता येतं, पण नोकरी-रुग्णालयाचा शोध घेत तिथले लोकच इकडे येतात, हे विसरून चालणार नाही.

रुपयातल्या पेन्शनला परदेशात आणखी एक वाळवी लागते. २०१० च्या सुमारास थायलंडचा बात दीड रुपयाला मिळायचा. २०२५ मध्ये तो अडीच रुपयांच्या पुढे गेला होता. म्हणजे तिथे महागाई शून्य असती तरी भारतीय पेन्शनरचा खर्च पंधरा वर्षांत दीडपटीहून अधिक झाला असता. डॉलरमध्ये पेन्शन घेणाऱ्याला हे दुखणं नाही.

शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबासाठी तर हे देश जवळपास बादच होतात. स्थानिक शाळा थाई किंवा मलय भाषेत शिकवते. आंतरराष्ट्रीय शाळेची फी भरायची तर स्वस्ताईचा उद्देशच संपला. ज्यांचं काम लॅपटॉपवर चालतं आणि पैसे डॉलरमध्ये येतात अशा तरुण जोडप्यांना वर्षभर राहून पाहायला थायलंडचा २०२४ पासूनचा नवा व्हिसा उपयोगी आहे, पण त्यालाही ५ लाख बातची शिल्लक दाखवावी लागते. भारतीय कंपनीचे पगारदार असाल तर परदेशातून काम करायला लेखी परवानगी आहे का, हे आधी विचारा. बऱ्याच कंपन्या करांच्या भानगडीमुळे ती देत नाहीत.

मागे काय राहतं

जाणाऱ्याच्या हिशोबात विमानाचं तिकीट असतं, मागे राहिलेल्या घराचा हिशोब क्वचित असतो. वर्षातले १८२ दिवस भारतात न राहणारा साधारणपणे करासाठी अनिवासी ठरतो. परदेशी राहायला गेल्यावर बँकेचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीच्या रुपया खात्यात, बदलावं लागतं. नवं पीपीएफ काढता येत नाही. जुनं मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. कल्याणचं घर भाड्याने दिलं तर घरमालक अनिवासी असल्यामुळे भाडेकरूला भाड्यातून तीस टक्क्यांहून थोडा जास्त कर कापून सरकारजमा करावा लागतो, भाडं कितीही कमी असो. हा व्याप नको म्हणून चांगले भाडेकरू टाळतात आणि मालकाला कमी भाड्यावर तडजोड करावी लागते. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

मुलांच्या बाबतीत वय हा सगळ्यांत मोठा मुद्दा आहे. महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश हवा तर अधिवासाच्या दाखल्यासोबत दहावी आणि बारावी, दोन्ही राज्यातल्या संस्थांतून झालेली असावी लागते; अपवाद मोजके आहेत. आठवी-नववीत मुलगी असताना तीन वर्षांसाठी परदेशी जाऊन परत आलात, तर तिची ही वाट बंद झालेली असते. प्राथमिक शाळेतलं मूल नव्या भाषेत आणि नव्या वर्गात सहज रुजतं. तेरा-चौदाव्या वर्षी उपटलेलं मूल बोलत नाही, पण त्याला ते फार जड जातं.

आणि आईवडील. सत्तरीच्या माणसांना सोबत नेणं बहुतेक देशांत कठीण, काही ठिकाणी अशक्य. तिथला वैद्यकीय विमा परवडत नाही आणि इथला मेडिक्लेम बहुधा परदेशात चालत नाही. तो खंडित मात्र होऊ देऊ नका. पॉलिसी सुटली की जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होतो. मागे राहिलेल्या आईवडिलांसाठी रात्रीची बाई, रुग्णालयात धावणारा माणूस, अधूनमधून तातडीची तिकिटं हे सगळं पैशातच मोजावं लागतं. हा आकडा पहिल्या दिवसापासून वहीत हवा.

निर्णय

सगळं एकत्र पाहिलं तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. रुपयात कमावणाऱ्या आणि मुलं शाळेत असलेल्या कल्याणच्या कुटुंबाने केवळ खर्च कमी व्हावा म्हणून परदेशी जाण्यात अर्थ नाही. तसा देश नाही. असला तर तो आपल्याला राहू देत नाही किंवा तिथे मुलांची शाळा नाही. खर्च कमी करायचा असेल तर पर्याय देशातच आहेत: कर्जाचा काही भाग आधी फेडणं, कामाच्या जवळ भाड्याने राहून मोठं घर भाड्याने देणं, ऑफिसला रोज जावं लागत नसेल तर नाशिककडे पाहणं. मिळकत वाढवायची असेल तर परदेश खुला आहे. आखातात शक्यतो एकट्याने आणि ठरलेल्या मुदतीपुरतं जावं. पश्चिमेकडे मुलं लहान असताना किंवा बारावी झाल्यावर आणि जोडीदाराच्या नोकरीचा विचार आधी करून जावं. डॉलरमध्ये पेन्शन किंवा काम असलेल्या मोजक्यांनी थायलंड-पोर्तुगालचा विचार जरूर करावा. त्यांचं गणित खरोखर बसतं.

कुठेही जायचं ठरलं तरी दोन पथ्यं पाळा. पहिली दोन वर्षं कल्याणचं घर विकू नका. आणि निघण्याआधी सहा महिन्यांचा तिथला पूर्ण खर्च अधिक परतीची तिकिटं एवढी रक्कम बाजूला ठेवा. ती बाजूला काढता येत नसेल, तर अजून निघण्याची वेळ आलेली नाही.